लोणच्याच्या बरणीखालचा कागद

पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर, तीन वर्षं एका जर्मन चित्रकाराने काढलेली स्वतःच्या बायकोची एकोणीस चित्रं पालथी अंथरलेली होती. वर तूरडाळ, पोहे, साबुदाणा, आणि सगळ्यांत खालच्या फळीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी. ही चित्रं मी फाडून टाकली आहेत, असं त्या चित्रकाराला मी स्वतः, त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं.

फळीवर कागद घातल्याशिवाय डबा ठेवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. ते कुणी शिकवत नसावं, ते घरात असतंच. जुनं कॅलेंडर, साडीच्या खोक्यातला कागद, काहीही चालतं. पण उघड्या लाकडावर डबा ठेवला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. नवरा म्हणतो, हा रोग आहे. असेल.

आम्ही २०११ मध्ये पुण्याहून इथे, पार दक्षिण गोलार्धातल्या या छोट्या देशात आलो. नवऱ्याला दुधावर संशोधन करणाऱ्या संस्थेत नोकरी होती. मला नव्हती. पुण्यात मी नऊ वर्षं पॅकेजिंगचं डिझाइन करत होते : अगरबत्तीचे खोके, बिस्किटांचे पुडे, हिंगाच्या एका डबीवरचा मोर. इथे दोन वर्षं अर्ज केले. उत्तरं इतकी गोड यायची की शेवटच्या ओळीपर्यंत नकार कळायचाच नाही. मग एक दिवस मी अर्ज करणं थांबवलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन मदत करायची नोकरी धरली. अंघोळ घालायची, पायांत घट्ट मोजे चढवायचे, सूप गरम करायचं, गोळ्या घेतल्या का ते बघायचं, की निघालं पुढच्या घरी. दिवसाला सहा घरं. संध्याकाळी गाडी दारात लावल्यावर मी पाच-दहा मिनिटं गाडीतच बसून राहायचे. विचार वगैरे काही करत नसे. नुसती बसायचे.

शुक्रवारचं दहाचं घर त्या जर्मन म्हातारबुवांचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातल्या रबरी हातमोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला काही संसर्ग झालेला नाही."

मी म्हणाले, "मलाही हौस नाही. नियम आहे."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांचं दगड फोडल्यासारखं, माझं पुणेरी. आपलं जास्त बरं आहे असं दोघांनाही वाटायचं. ऐंशीच्या आसपासचं वय, नाकावर कायम राग, आणि बोटांचे सांधे सुजून सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झालेले. शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, पण मी लावलेलं बटण तिरकं आहे हे त्यांना आरशाशिवाय कळायचं.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी मी त्यांच्या टोस्टला लोणी लावत होते, आणि सवयीने लोण्याच्या पाकिटावरची अक्षरं बघत थांबले. ते लोणी इथल्या घरोघरच्या फ्रिजमध्ये असतं, आमच्याही होतं.

"काय बघतेस?"

"अक्षरांमधलं अंतर. फार नीट आहे. गाय मात्र उगाच सालस काढलीय."

त्यांनी पाकीट स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "गाय साहेबांनी बदलायला लावली. माझी गाय रागीट होती."

ते पाकीट त्यांनी केलेलं होतं. बावीस वर्षं ते एका डेअरी फॅक्टरीसाठी लेबलं काढत होते : लोणी, चीज, दुधाच्या भुकटीची पोती. त्या दिवसापासून मला खुर्ची मिळाली. म्हणजे काम आटोपून पाच मिनिटं उरली, तर बसायची परवानगी. मीही अगरबत्तीच्या खोक्यांबद्दल आणि हिंगाच्या मोराबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "आता काय काढतेस?" मी म्हणाले, "तुमचे मोजे." त्यांना हसू आलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही आलं नाही.

त्यांचं आयुष्य मला असं पाच-पाच मिनिटांनी कळलं. पूर्व जर्मनीतलं लहानसं गाव, युद्धातून परत न आलेले वडील. युद्ध संपलं तेव्हा कागद कुठेच मिळत नव्हता, म्हणून त्यांची आई पडक्या घरांच्या भिंतींवरचा फुलाफुलांचा कागद ओला करून सोलून आणायची, आणि हे त्याच्या पाठच्या बाजूला चित्रं काढायचे. पुढे ग्राफिक कला शिकले, पोस्टरं केली, छापखान्यात काम करणाऱ्या मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन इथे आले. इथेच का, असं मी विचारलं. "नकाशावर याच्यापुढे काही नव्हतं," असं उत्तर मिळालं.

दिवसा लेबलं, आणि संध्याकाळी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये स्वतःचं काम. विजेचे खांब, रिकामी कुरणं, पाठीमागचे डोंगर, सगळं करड्या रंगात. गावातल्या हॉलमध्ये दोनदा प्रदर्शन झालं. लोक आले, चहा प्यायले, गेले. "लोकांना कुरण हिरवं लागतं," ते म्हणाले. "मी पन्नास वर्षं या हिरव्यात राहतोय. मला त्याचा थकवा आलाय." मला हे वाक्य इतकं पटलं की त्या दिवशी मी गाडीत दहाच्या जागी वीस मिनिटं बसले.

रंगवण्यापेक्षा त्यांचा जीव छापण्यात जास्त होता. गॅरेजच्या मधोमध लोखंडी यंत्र होतं, मोठ्या रुळाचं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरायचं, रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाखालून फिरवायचा. एका पत्र्याच्या ठरवलेल्या तेवढ्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा आणि सही. प्रती पुऱ्या झाल्या की पत्र्यावर दोन आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. आणि जी प्रत मनासारखी उतरली नाही, ती फाडायची. हा असं छापणाऱ्यांचा धर्मच. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, असं मी त्यांना सांगितलं.  ते म्हणाले, "पूजा कर की. पण आधी फाड."

२०१५ मध्ये त्यांनी ठरवलं की आता रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, जायचं. मूलबाळ नव्हतं. बायको आम्ही इथे येण्याच्या आदल्या वर्षी गेली होती. जाण्याआधी गॅरेज रिकामं करायचं होतं, आणि त्यांचे हात तर कागद उचलायच्याही लायकीचे उरले नव्हते. मग शुक्रवारची अंघोळ झाली की आम्ही गॅरेजमध्ये बसायचो. मी एकेक कागद त्यांच्यासमोर धरायचे. ते मानेने उजवीकडे म्हणाले तर ठेवायचा, डावीकडे म्हणाले तर फाडायचा. डावीकडचा ढीग कायम मोठा. आणि तो कागद काही वहीचा नव्हे, सुती, कापडासारखा जाड. मनगटं भरून यायची. दिवसभर म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, आणि वर हे.

शेवटच्या फडताळातून त्यांची बायको निघाली.

एकोणीस कागद. एक बाई कपडे वाळत घालतेय, हात वर, मान वळवून मागे कुणाकडे तरी बघतेय. तीन वेगवेगळे पत्रे, वेगवेगळ्या वर्षी कोरलेले, पण बाई तीच आणि दोरी तीच. एकाही प्रतीवर सही नव्हती. मी पहिली प्रत धरली आणि मला वाटलं, आता मान उजवीकडे जाणार. गेली डावीकडे. दुसरी, डावीकडे. एकोणीसच्या एकोणीस डावीकडे.

"का?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"तोंड चुकलंय. ती काहीतरी बोलायच्या बेतात असायची, कायम. मला ते कधी जमलं नाही." मग म्हणाले, "तिला पाहिलेलं या देशात आता कुणी उरलं नाही. माझ्या मागे हे ज्याच्या हाती पडेल तो समजेल, ती अशीच होती. ती अशी नव्हती. म्हणून फाड."

मग त्यांनी एक खिळा मागितला, मुठीत धरला आणि तिन्ही पत्र्यांवर स्वतः फुल्या मारल्या. त्याला अर्धा तास लागला. मी मध्ये पडले नाही.

फाडायची वेळ झाली तेव्हा माझी पुढच्या घरची वेळही झाली होती. मी म्हणाले, "घरी नेऊन फाडते." ते म्हणाले, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की."

घरी आले आणि फाडली नाहीत. मनगटं दुखत होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. कागद फार चांगला होता हेही खरं, पण तेही कारण नव्हतं. चार वर्षं मी एक रेघ ओढली नव्हती. आणि हा माणूस एक तोंड एकोणीस वेळा करून बघतो आणि म्हणतो, नाही जमलं, फाड. मला त्यांचा हेवा वाटला, रागही आला, आणि रडू आलं. मी ते कागद फळ्यांच्या मापाचे कापले. कापताना फक्त कोरी कड जाईल याची काळजी घेतली, जणू त्याने पाप कमी होणार होतं. मग पालथे घातले आणि वर डबे मांडले.

संध्याकाळी नवऱ्याने साखरेचा डबा काढला आणि कागदाचा कोपरा उचलला. "अगं, हे त्या आर्टिस्टचं ना? तू ओरिजिनलवर साखर ठेवलीयेस?"

"ते रिजेक्ट आहेत."

"मग टाक ना रिसायकलिंगमध्ये. एवढे ढीगभर कागद कशाला?"

"फळ्यांना कागद नव्हता," मी म्हणाले. हे कारण आमच्या घरात चालतं.

पुढच्या शुक्रवारी म्हातारबुवांनी दार उघडताच विचारलं, "फाडली?" मी म्हणाले, "हो." त्यांनी मान हलवली आणि परसातल्या झाडाची पिशवीभर लिंबं मला दिली. त्यांचं मी लोणचं घातलं. आमच्याकडे लोणचं काचेच्या बरणीत, खालच्या फळीवर, अंधारात मुरतं. बरणीच्या झाकणातून खार झिरपायचा. खाली कोणता कागद आहे हे मला माहीत होतं, तरी मी बरणी तिथेच ठेवली.

रेस्ट होममध्ये गेल्यावर ते माझ्या यादीतून गेले. तरी मी शुक्रवारी जातच राहिले, सुट्टीच्या तासात, बिनपगारी. नवरा म्हणायचा, "तुला कुणी सांगितलंय?" कुणी नव्हतं सांगितलं. तिथे त्यांच्याजवळ परसातल्या लिंबाच्या झाडाचा एक फोटो, बायकोचे दोन-तीन फोटो, एक रेडिओ आणि मी, एवढंच होतं. कधी बाटलीतून लोणचं नेत असे, ते उकडलेल्या बटाट्याला लावून खात आणि डोळ्यांत पाणी आलं की म्हणत, "माझं झाड असं नव्हतं."

मग २०१७ पासून त्यांचं विसरणं सुरू झालं. आज जेवलो का, हा वार कोणता, असं किरकोळ. आणि मग पुढच्या वर्षी एका शुक्रवारी : "माझ्या बायकोची ती चित्रं होती, त्यांचं आपण काय केलं?"

"फाडली."

"छान."

पुढच्या शुक्रवारी तोच प्रश्न. त्याच्या पुढच्याही. आधी ते "छान" म्हणायचे, मग नुसतं "हं", आणि मग एकदा म्हणाले, "सगळी? एकही नाही?" आणि मी "नाही" म्हटल्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. "मला तिचा चेहरा आठवत नाहीये," ते म्हणाले. "फोटो आहेत. पण फोटोत ती फोटोसाठी उभी आहे."

खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या आठवड्यात मी घरी डाळ काढायला फडताळ उघडायचे आणि तसंच बंद करायचे. चार दिवस आम्ही बाहेरून आणून खाल्लं. खरं सांगावं, तर सबंध देशात ज्या एका माणसाने अक्षरांमधलं अंतर बघणाऱ्या माझ्या नजरेची कदर केली, त्याच्याशी खोटं बोलले हे कबूल करायचं. नाही सांगावं, तर त्याला बायकोचा चेहरा आठवत नाही आणि तो माझ्या पोह्यांच्या डब्याखाली आहे.

शुक्रवारी मी डबे खाली उतरवले, एकोणीस कागद पुसले, मोठ्या पिशवीत घातले आणि गेले. त्यांच्या पलंगावर ते सगळे सुलटे मांडले आणि म्हणाले, "मी फाडली नव्हती. मी खोटं बोलले."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. त्यांनी भिंग मागितलं. मी एकेक कागद धरत गेले आणि ते प्रत्येक तोंडापाशी थांबत गेले. चांगला तास गेला. मग खुर्चीला पाठ टेकून म्हणाले, "तोंड चुकलंय." त्यांचा आवाज इतका सुटलेला, इतका हलका मी पहिल्यांदा ऐकला. "एकोणीसही चुकली आहेत. अशी नव्हती ती." आणि मग दात दाखवून हसले. "म्हणजे मला आठवतंय."

बायको चुकीची आहे हे ज्या अर्थी कळतंय, त्या अर्थी बरोबर बायको आत कुठेतरी आहे. हे मला घरी परतताना, सिग्नलला थांबल्यावर, नीट समजलं. त्या वेळी मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी शेवटचा, खालच्या फळीवरचा कागद हातात घेतला. त्याच्या पाठीवर हळदीचं पिवळं गोल वर्तुळ होतं, बरणीच्या बुडाएवढं. त्यांनी तो नाकाजवळ नेला.

"लिंबू," ते म्हणाले.

"हो."

"माझं?"

"तुमचंच."

त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, "आता फाड. इथे. मला दिसेल असं."

मी फाडायला लागले. ते मोजत होते, जर्मनमध्ये, पुटपुटत. प्रत्येक कागदाचे चार तुकडे. आधी वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. मला फक्त फार थकायला झालं, इतक्या वर्षांचं एकदम. अठरावा झाला तेव्हा जेवणाची गाडी दारात आली आणि ताटं आत आली. वर्तुळवाला एकच राहिला होता. त्यांचे डोळे मिटत होते. म्हणाले, "तो घरी फाड."

"फाडते," मी म्हणाले.

घरी येऊन तो मी दोन्ही हातांत धरला, अंगठे मधोमध आणले. आणि मग खालच्या फळीवर पालथा घातला आणि बरणी त्याच वर्तुळावर ठेवली. त्या बाईसाठी नाही, कलेसाठी तर मुळीच नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी ते जागे आणि तरतरीत होते. मला वाटलं विसरले असतील. नव्हते.

"फाडलास?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गॅरेजमध्ये उजवं-डावं ठरवताना बघायचे, तसं.

"मग बरणीखाली काय घातलंस?"

 मी त्यांचे मोजे सरळ करायला खाली वाकले आणि वाकलेलीच राहिले. वरून त्यांचा आवाज आला. "माझ्या आईने एवढा चांगला कागद फाडताना बघितलं असतं तर मुस्काटात दिली असती." आणि मग जरा वेळाने, नेहमीच्या तुसडेपणाने : "पालथा ठेव. तिचं तोंड कुणाला दिसायला नको."

"ठेवते," मी म्हणाले.

त्याच हिवाळ्यात ते गेले. निरोपाला आम्ही सहा जण होतो. चहाबरोबर ब्रेड होता आणि त्याला लावायला ते लोणी. पाकिटावरची गाय सालसपणे आमच्याकडे बघत होती. हे कुणी काढलंय ते त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी सांगितलं. एक बाई म्हणाली, "ओह, हाउ लव्हली," आणि चाकू पुढे केला.

२०१९ मध्ये नवऱ्याला हॅमिल्टनला, 'ते रापा' नावाच्या भागातल्या डेअरी फॅक्टरीत काम मिळालं आणि आम्ही घर हलवलं. नव्या घराच्या फळ्या पांढऱ्या, चकचकीत, पुसून घेता येण्यासारख्या. नवरा म्हणाला, "याला तरी कागद नको ना?" मी दुकानातून साध्या कागदाची गुंडाळी आणली आणि तो कागद सगळ्या फळ्यांना घातला. खालच्या फळीला मात्र तो घातला नाही. तिथे घालायचा कागद मी माझ्याबरोबर गाडीत, मांडीवर ठेवून आणला होता.

नव्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. सुलटा करून एकदा बघावा असं फार वाटलं. त्या तोंडात नक्की काय चुकलं होतं, हे मला कधीच कळलं नव्हतं. मला ती बाई आवडायची. पण त्यांना दुसऱ्यांदा "हो" म्हणून मी पुन्हा खोटं बोलले होते, आणि त्यांनी ते ओळखून मला एकच गोष्ट सांगितली होती. मी कागद पालथा घातला, वर्तुळ बघून त्यावर बरणी ठेवली आणि फडताळ बंद केलं. या वेळी सांगितलं होतं तसंच केलं.